एक काम, एक रीत

पूर्वी आम्ही ज्या शाळेत होतो, तेथे अर्ध्या दिवसाची हजेरी कोणी शिक्षक अर्धी धरीत, कोणी पूर्ण, तर कोणी मुळीच धरीत नसत. प्रत्येकाची बेरीज बिनचूक असे; परंतु वर्षअखेरीस एकीचा दुसरीशी मेळ बसेना आणि एका गरीब मुलाची शिष्यवृत्ती त्यापायी अडकून राहिली. दोष माणसांचा नव्हता. रीत एक नव्हती.

मोठ्या संस्थेत हीच अडचण शतपट होते. आपल्या हैदराबादेतील गनफाउंड्री येथे १९४२ साली हैदराबाद स्टेट बँकेचे काम सुरू झाले. संस्थानच्या हाली सिक्क्याचा कारभारही तिच्याकडे होता; त्या सिक्क्याचे सात रुपये म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे सहा! १९५६ मध्ये ती ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झाली. मराठवाड्यातील कित्येक कुटुंबांचे खाते तिच्यातच असे. १ एप्रिल २०१७ रोजी ही बँक, तिच्या चार भगिनी बँका आणि भारतीय महिला बँक या सर्व भारतीय स्टेट बँकेत विलीन झाल्या.

असे अनेक प्रवाह एकत्र आले की प्रश्न उभा राहतो : खाते उघडताना अर्ज कोणी तपासावा, सही कोणी करावी, नोंद कोठे व्हावी? याचे उत्तर नुसत्या हुकमाने मिळत नाही. प्रथम प्रत्येक ठिकाणी काम प्रत्यक्षात कसे चालते, याचा आराखडा काढावा लागतो. त्यासाठी सर्वांना समजेल अशी चिन्हांची लिपी आहे. वर्तुळ म्हणजे आरंभ वा शेवट, चौकट म्हणजे काम, उभा चौकोनी हिरा म्हणजे निर्णयाची जागा, आणि बाण म्हणजे क्रम. २०१३ साली या लिपीला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. असे आराखडे शेजारी ठेवले, की कोणती पायरी निरुपयोगी व कोणती अत्यावश्यक, हे दिसू लागते.

मात्र एक सावधगिरी हवी. अंगठा उठविणाऱ्या आजीबाईंसाठी आराखड्यात वाट नसेल, तर तो कितीही सुबक असला तरी अपुराच. आम्ही घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि बाजारात दखनी बोलतो. हिशेब मात्र तिन्हीकडे एकच. कामाची रीत एक असावी, ती समजावून सांगणारी वाणी ज्याची त्याची असावी.