वैद्याची कृतज्ञता : कोणाविषयी व कशी?



वैद्याकडून चिकित्सा करून घेऊन जो त्याच्या उपकाराची फेड करीत नाही, मग त्याने तसे वचन दिलेले असो वा नसो, त्याला निष्कृती नाही, असे चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादात सांगितले आहे. सिद्धिस्थानात तर ज्यांची चिकित्सा करू नये अशांमध्ये कृतघ्नाचीही गणना आहे. हे संदर्भ आपण आवडीने सांगतो. आपल्या भागातील रुग्णही या बाबतीत उणे पडत नाहीत. हिवाळ्यात हुरडा, सुगीनंतर पायलीभर तूर, घरच्या म्हशीचे तूप असे काही ना काही दवाखान्याच्या दारी येतच असते. परंतु वैद्याने स्वतः कोणाविषयी कृतज्ञ असावे आणि ती कृतज्ञता कशी व्यक्त करावी, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे.

शास्त्राचा आधार

सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगून प्रत्येकाचे चार, असे एकूण १६ गुण वर्णिले आहेत. यांत वैद्य प्रधान होय. माती, दंड, चक्र व सूत्र ही साधने जशी कुंभारावाचून व्यर्थ, तसे इतर तीन पाद वैद्यावाचून व्यर्थ, हा दृष्टान्त आपणांस परिचित आहे. त्याची दुसरी बाजू मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. मातीवाचून कुंभारही रिकाम्या हातांचाच असतो.

उपस्थात्याच्या गुणांत उपचारज्ञता, दाक्ष्य व शौच यांच्या जोडीला अनुराग हा गुण सांगितला आहे. पहिले तीन गुण शिकविता येतात. अनुराग शिकविता येत नाही आणि पगार देऊन विकतही घेता येत नाही. आपल्या श्रमांची कोणाला तरी जाणीव आहे, असा विश्वास जेथे असतो तेथेच तो टिकतो.

द्रव्याविषयी तर आचार्यांनी आपले ऋण स्पष्टच नोंदविले आहे. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात ते म्हणतात की, शेळ्या, मेंढ्या व गाई राखणारे आणि इतर वनवासी हे औषधींना नामरूपाने ओळखतात. केवळ नामरूप कळल्याने औषधीचा योग कळत नाही, हेही ते लगेच सांगतात. तथापि ओळखीचे श्रेय त्यांनी गुराख्याला दिले, ते स्वतःकडे घेतले नाही.

एक अनुभव

हे सर्व मला पाठ होते, तरीही माझ्याकडून चूक झालीच. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गुळवेलीची मागणी अतोनात वाढली. निंबावरची वेल आणून देणारा आमचा नेहमीचा माणूस पुरा पडेना, म्हणून मी एका व्यापाऱ्याकडून ओल्या वेलीची दोन पोती मागविली. आमच्या औषधशाळेत वनस्पती निवडण्याचे व कुटण्याचे काम एक मावशी कित्येक वर्षे करीत होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. पहिलीच जुडी सोडून त्यांनी काम थांबविले आणि म्हणाल्या, "ही आपली गुळवेल नाही, साहेब. हिच्या अंगाला गाठी हैत, अन् मोडली की पांढरा चीक येतोय."

पोती परत गेली, परंतु आगाऊ दिलेली रक्कम बुडाली. मावशींना मी "बरं" एवढेच म्हणालो. पैसे बुडाल्याची चडफड मात्र चारचौघांसमोर केली. काही दिवसांनी गुडघे दुखतात असे सांगून मावशींनी काम सोडले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने निवेदन काढले. गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, सुरक्षित आहे. परंतु तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा अपायकारक ठरू शकते, असे त्यात म्हटले होते. गुळवेलीचे खोड हिरवट असते, त्यावर गाठींसारखे उंचवटे नसतात व दुधासारखा स्राव येत नाही. क्रिस्पाचे खोड राखाडी व बारीक गाठींचे असून त्यातून दुधाळ स्राव येतो. मावशींनी बाजूला काढलेली वेल नेमकी याच वर्णनाची होती.

मी जिंतूरकडे त्यांच्या गावी गेलो, निवेदनातील मजकूर त्यांना समजावून सांगितला आणि म्हणालो, "मावशी, तुमच्यामुळे माझे रुग्ण वाचले." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्यापायी तुमचे पैसे बुडाले. म्हणून पुन्हा यायला तोंड होईना." गुडघ्यांचे कारण खरे नव्हतेच. दोन शब्द वेळेवर न बोलल्यामुळे एका जाणत्या बाईने आपले अचूक ज्ञान अपराधासारखे मनात बाळगले होते. त्या परत कामावर आल्या नाहीत.

आधी खांदा, मग झूल

कृतज्ञता कशी व्यक्त करावी, हे आपल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्याला तूप व हळद चोळली जाते. या द्रव्यांचा व्रणरोपणातील उपयोग वैद्यांना सांगावयास नको. झूल, बाशिंग व पुरणपोळी हे सारे दुसऱ्या दिवशी येते. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. भार जेथे पडला, पहिला हात तेथेच फिरतो.

आपल्या जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंसोबत प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागला, असे परंपरा सांगते. त्यातील भावही हाच आहे. श्रम करणाऱ्याची कदर करणे म्हणजे त्याच्या जात्यापर्यंत जाणे होय.

"घरच्या माणसांना काय धन्यवाद द्यावयाचे?" असा संकोच आपल्याकडे असतो. अमित कुमार व निकोलस एप्ली यांचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन येथे उपयुक्त आहे. आभाराचे पत्र लिहिणाऱ्यांना समोरच्यास किती अवघडल्यासारखे होईल याचा अंदाज वास्तवापेक्षा अधिक वाटत होता, आणि त्याला होणाऱ्या आनंदाचा अंदाज वास्तवापेक्षा कमी. तात्पर्य, आपला संकोच बहुधा निराधार असतो.

व्यवहारात काय करावे?

१) नेमके काम सांगावे. "छान काम करता" यापेक्षा "काल तुम्ही बस्तीचे तेल वेळेवर कोमट ठेवले, म्हणून रुग्णाला त्रास झाला नाही" हे वाक्य अधिक मोलाचे.

२) चूक आपण चारचौघांत दाखवितो आणि शाबासकी मनात ठेवतो. हा क्रम उलटा करावा.

३) रुग्ण आभार मानू लागला की परिचारकाला पुढे बोलवावे व त्याचा वाटा रुग्णाच्या देखत सांगावा.

४) औषधी दुकानदार व निर्मात्यांनी वनस्पती आणणाऱ्याचा मोबदला वेळेवर व पुरता द्यावा. थकलेल्या पैशांवर गोड शब्दांचे अनुपान चालत नाही.

५) "ही ती वनस्पती नव्हे" असे सांगणाऱ्याचे, आपले नुकसान झाले तरी, त्याच दिवशी आभार मानावेत. अन्यथा पुढच्या वेळी तो बोलणार नाही आणि त्याचे मोल रुग्णाला द्यावे लागेल.

६) अपरात्री दार उघडणारी, आपल्या अर्ध्या जेवणावरून उठण्याची सवय करून घेतलेली घरची माणसे हीदेखील उपस्थातेच आहेत. वरील पहिला नियम त्यांनाही लागू आहे.

धनत्रयोदशीला आपण सर्वजण दवाखान्यात व दुकानात धन्वंतरिपूजन करतो. त्या दिवशी आरतीपूर्वी खलबत्त्याशी बसणाऱ्या माणसाजवळ जाऊन, त्याने वर्षभरात वाचविलेली एखादी तरी चूक सर्वांसमक्ष सांगावी. अशी एकही गोष्ट आठवली नाही, तर दोष त्याच्या कामाचा नसून आपल्या लक्षाचा आहे, असे समजावे.

इत्यलम्।