चिठ्ठी हुकल्यानंतरचं काम

२०१५ सालच्या ऑक्टोबरात टोकियोतल्या एका हॉटेलात, बेसबॉलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या दिवशी, याकुल्ट स्वॉलोज संघाचे मॅनेजर मित्सुरू मनाका यांनी भर मंचावर मूठ उंचावली. मॅनेजर म्हणजे आपल्या भाषेत मुख्य प्रशिक्षक. मेजी विद्यापीठाचा बॅटर शुन ताकायामा याच्यावर दोन संघांनी दावा लावला होता, पेटीत दोन चिठ्ठ्या होत्या आणि मनाकांना वाटलं, आपली लागली. शेजारी हानशिन टायगर्सचे तोमोआकी कानेमोतो खांदे पाडून उभे. मनाका टीव्हीवर आनंदाचे चार शब्द बोलूनही झाले. मग आयोजकांच्या लक्षात आलं की चिठ्ठी लागली होती ती कानेमोतोंची. ड्राफ्टचं बोधचिन्ह दोन्ही चिठ्ठ्यांवर छापलेलं होतं. ‘वाटाघाटीचा हक्क पक्का’ हा शिक्का फक्त एकीवर होता. मनाकांनी चिन्ह पाहिलं, शिक्का शोधलाच नाही. कानेमोतोंनी समोरच्याचा चेहरा पाहिला आणि आपली चिठ्ठी नीट वाचायचे राहिले. असला घोळ २००५ सालीही झाला होता आणि तेव्हा फसलेल्यांत सॉफ्टबँक संघाचे दिग्गज सादाहारू ओह यांच्यासारखा माणूस होता.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्याला हा प्रकार जरा गमतीचा वाटतो. तिथे पैसा बोलतो, इथे नशीब. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीग, प्रत्येकीत सहा संघ. पहिल्या फेरीत बाराही संघ आपल्या पसंतीचं एक नाव एकाच वेळी देतात. एका खेळाडूवर एकाहून अधिक दावे आले की चिठ्ठ्या. ज्यांची हुकली ते पुन्हा नाव देतात, पुन्हा चिठ्ठ्या पडू शकतात, आणि प्रत्येकाच्या पदरात एकेक खेळाडू पडेपर्यंत हे चालतं. दुसऱ्या फेरीपासून चिठ्ठ्या बंद. मग क्रमवारीत तळाला असलेला संघ आधी निवडतो, तिसऱ्या फेरीत क्रम उलटा फिरतो. खेळाडूच्या हाती उरतो तो फक्त नकार.

ही पद्धत सुरू झाली १९६५ च्या नोव्हेंबरात. त्याआधी ज्याची थैली मोठी त्याचा खेळाडू, असा मामला होता. पुढे १९९३ पासून काही वर्षं विद्यापीठ आणि कंपनी संघांतल्या वरच्या दर्जाच्या खेळाडूंना आपला संघ स्वतः निवडायची मुभा मिळाली आणि थैल्या मागच्या दाराने परत आल्या. २००४ मध्ये योमिउरी जायंट्सने एका विद्यापीठाच्या पिचरला रोख रक्कम दिल्याचं उघड झालं, संघाचे मालक त्सुनेओ वातानाबे यांना पद सोडावं लागलं. २००७ मध्ये सेइबू संघाचं असंच प्रकरण बाहेर आलं आणि ती मुभा गेली. चिठ्ठी आंधळी असते, पण तिला पाकीट देता येत नाही, हा तिचा मोठाच गुण.

टीव्हीवर दिसते ती चिठ्ठी. मॅनेजरच्या मागे टेबलाशी बसलेली माणसं, म्हणजे स्काऊट, फारशी दिसत नाहीत. पहिल्या फेरीत कुणाचं नाव द्यायचं हे पेपर वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, त्याला स्काऊट लागत नाही. त्याची खरी कमाई चिठ्ठी हुकल्यावर सुरू होते. हे माझं मत आहे आणि त्याला पुरावा म्हणून मी २८ ऑक्टोबर २०१० चा ड्राफ्ट पुढे करीन.

त्या वर्षी सगळ्या देशाला एकच नाव तोंडपाठ होतं, पिचर युकी साइतो. २००६ च्या उन्हाळी कोशिएन या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत अंतिम सामना पंधरा इनिंग्जनंतर १-१ असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळवला गेला आणि साइतोने आपल्या शाळेला जेतेपद मिळवून दिलं. खिशातून निळा रुमाल काढून घडी न मोडता घाम टिपण्याच्या त्याच्या लकबीमुळे तो ‘रुमालवाला राजपुत्र’ झाला. मग वासेदा विद्यापीठात चार वर्षं. ड्राफ्टच्या दिवशी त्याच्यावर चार संघांनी दावा लावला: निप्पॉन हॅम, याकुल्ट, लोत्ते आणि सॉफ्टबँक. त्याच्याच विद्यापीठाचा पिचर तात्सुया ओइशी याच्यावर तर सहा. साइतो निप्पॉन हॅमला लागला, ओइशी सेइबूला.

आता हुकलेल्यांकडे बघा. याकुल्टची पहिली चिठ्ठी हुकली. दुसरं नाव दिलं, तिथेही हुकली. तिसऱ्या वेळी त्यांनी ओसाकाच्या रिसेइशा शाळेतल्या एका सडपातळ मुलाचं नाव दिलं, तेत्सुतो यामादा. ओरिक्सनेही तेच नाव दिलं होतं आणि तीही चिठ्ठी हरून ओरिक्सने एका संध्याकाळी पराभवांची हॅट्‌ट्रिक साधली. यामादा याकुल्टकडे गेला. सॉफ्टबँकने साइतो गमावल्यावर पहिल्या फेरीत एक शाळकरी कॅचर घेतला आणि दुसऱ्या फेरीत हिरोशिमाच्या अर्थशास्त्र विद्यापीठातला युकी यानागिता. तो खेळायचा ती विद्यापीठ लीग कुणाच्या खिजगणतीत नव्हती. दुसऱ्या फेरीत कुणाला घ्यायचं यावर संघात दोन मतं होती आणि यांच्यातला सर्वांत लांब कोण मारतो, असं विचारून ओह यांनी यानागिताच्या बाजूने कौल दिला, असं सांगतात. २०१५ मध्ये यामादा आणि यानागिता या दोघांनीही एकाच मोसमात ०.३०० च्या वर सरासरी, ३० च्या वर होमरन आणि ३० च्या वर चोरलेले बेस ही दुर्मीळ त्रयी पूर्ण केली. त्याच वर्षी २१६ हिट्सचा जपानी विक्रम करणारा शोगो अकियामा हाही २०१० चाच, सेइबूची तिसऱ्या फेरीतली निवड. साइतो कारकिर्दीत १५ सामने जिंकून २०२१ मध्ये निवृत्त झाला. ओइशीला दुखापतींनी धरलं.

त्याच दिवशी चुनिचीने युदाई ओनो या डावखुऱ्या पिचरवर पहिल्या फेरीत एकट्यानेच दावा लावला. त्याचा खांदा दुखावलेला होता आणि बाकीचे अकरा मागे सरले होते. दहा वर्षांनी, २०२० मध्ये, ओनोला सावामुरा पुरस्कार मिळाला. पिचरसाठी जपानात त्याहून मोठा मान नाही.

ही नजर तयार कशी होते? स्काऊट बहुतेक माजी खेळाडूच असतात, त्यातले बरेच फारसे न चमकलेले. प्रत्येकाला एकेक प्रदेश वाटून दिलेला असतो: कुणाला तोहोकू, कुणाला तोकाई, कुणाला क्यूशू. हायस्कूलचे संघच देशभरात साडेतीन हजारांच्या आसपास, शिवाय विद्यापीठं आणि कंपन्यांचे संघ. वर्षाच्या सुरुवातीला शेकडो नावांची यादी असते, ती ऑक्टोबरपर्यंत घासत घासत काही डझनांवर येते. हातात स्पीडगन आणि स्टॉपवॉच, बसायची जागा होम प्लेटच्या मागची जाळी. बॅटला चेंडू लागल्यापासून पहिल्या बेसवर पाय पडेपर्यंत डावखुऱ्या बॅटरला चार सेकंदांहून कमी वेळ लागला तर मुलगा वेगवान. कॅचरच्या ग्लव्हमध्ये शिरलेला चेंडू दुसऱ्या बेसवर दोन सेकंदांच्या आत पोचला पाहिजे. ही आकडेमोड कुणालाही जमेल. पण आऊट झाल्यावर मुलगा डगआऊटकडे कसा परततो, दुसऱ्याच्या चुकीवर त्याचं तोंड कसं होतं, सरावानंतर सामान कोण उचलतं, हे बघायला स्काऊट पावसातल्या सरावालाही जातो. आणि आई-वडिलांची उंची, बांधा हेही बघून ठेवतो, कारण सतरा वर्षांचा पोरगा अजून किती भरेल याचा अंदाज तिथे लागतो. आपल्याकडे स्थळ बघायला गेलेली मावशी जशी चहा पिता पिता घरभर नजर फिरवून येते, तसंच.

गंमत म्हणजे ज्याला बघायचं त्याच्याशी बोलायचं नाही. १९६१ मध्ये चुनिचीने एका कंपनी संघाचा खेळाडू संकेत मोडून उचलला आणि व्यावसायिक व हौशी बेसबॉलमधलं बोलणंच बंद पडलं. ती दरी बुजायला कित्येक दशकं गेली. आजही शाळकरी मुलाने ‘मला व्यावसायिक व्हायचंय’ असा अर्ज रीतसर दिल्याशिवाय स्काऊटने त्याच्याशी करियरच्या गोष्टी करायच्या नाहीत. तोवर स्काऊट शाळेच्या प्रशिक्षकाला नमस्कार करतो, मैदानाच्या कडेला उभा राहतो आणि निघून जातो. तो उभा राहिला हाच निरोप. मग संघांकडून माहितीचे फॉर्म येतात, आणि किती संघांचे आले यावर मुलाच्या घरी आशा चढते-उतरते. फॉर्म येऊनही नाव पुकारलं न गेलेली मुलं दर वर्षी असतात.

२०१० च्या त्या संध्याकाळी मुख्य ड्राफ्ट संपल्यावर आणखी एक ड्राफ्ट झाला. बरेच पत्रकार तोवर पहिल्या फेरीच्या बातम्या लिहायला बसलेले असतात. हा ‘इकुसेइ’ म्हणजे घडवणुकीच्या खेळाडूंचा ड्राफ्ट, २००५ पासून सुरू झालेला. मुख्य करारातल्या खेळाडूंची मर्यादा संघागणिक ७०. त्याबाहेरची ही पोरं पहिल्या संघाच्या अधिकृत सामन्यात खेळू शकत नाहीत, पाठीवर तीन आकडी क्रमांक घालतात, तेव्हाचं किमान वार्षिक मानधन २४ लाख येन. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला १० कोटी येनपर्यंत सही करण्याचे पैसे मिळू शकतात, त्याशेजारी हे ठेवून पाहा.

आइची प्रांतातल्या गामागोरी हायस्कूलला कोशिएनचं तोंडही दिसलेलं नव्हतं. तिथला एक पिचर बघून या, असं नागोयातल्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानदाराने सॉफ्टबँकच्या लोकांना सुचवलं होतं. मुलगा मुळात तिसऱ्या बेसचा, पिचिंगकडे उशिरा वळलेला, अंगाने किडकिडीत, पण हात सैल आणि लांब. सॉफ्टबँकने त्याला इकुसेइच्या चौथ्या फेरीत घेतलं, क्रमांक दिला १२८. कोदाई सेंगा. पाचव्या फेरीत आला तो ताइसेइ माकिहारा, १२९. सहाव्या आणि शेवटच्या फेरीत ओइता प्रांतातला कॅचर ताकुया काई, १३०.

सेंगाचा होम प्लेटपाशी अदृश्य होणारा चेंडू जपानात ‘भूत फोर्क’ म्हणून ओळखला गेला. २०१९ मध्ये त्याने नो-हिटर टाकला, २०२३ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडे गेला आणि पहिल्याच मोसमात २०२ बॅटर स्ट्राइकआऊट केले. काईने २०१८ च्या जपान सिरीजमध्ये हिरोशिमाचे बेस चोरायचे सहाच्या सहा प्रयत्न हाणून पाडले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचा हात बघायला आता स्टॉपवॉच लागत नव्हतं, टीव्हीवाले स्वतःच सेकंद दाखवू लागले.

सॉफ्टबँकच्या या यादीतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. सेंगाच्या आधी इकुसेइच्या तीन फेऱ्यांत तीन मुलं घेतली गेली होती. म्हणजे त्याच स्काऊटांनी, त्याच कागदावर, त्या तिघांना सेंगाच्या वर ठेवलं होतं. त्या तिघांना पहिल्या संघाची वाट काही सापडली नाही. तेव्हा ‘जोहरीची पारख’ वगैरे म्हणताना जरा हात आखडता घ्यावा. स्काऊटला सगळं दिसत नाही. आपल्याला दिसत नाही हे गृहीत धरून तो शेवटच्या फेरीपर्यंत नावं देत राहतो, एवढंच.

नाव पुकारलं की स्काऊटच्या कामाची दुसरी बाजू सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सूट घालून शाळेत जातो, मुख्याध्यापकांना वाकून नमस्कार करतो, मग घरी जातो. आकडे ठरवायचे, आईची शंका फेडायची, जानेवारीत मुलाला संघाच्या वसतिगृहात पोचवायचं. हिरोशिमा कार्पचे स्काऊट तोशिहिको सोनोदा यांनी पिचर हिरोकी कुरोदा सेन्शू विद्यापीठात असताना, फारसं कुणी बघत नसतानाही, त्याच्यावर नजर ठेवली. हाच कुरोदा पुढे अमेरिकेतला मोठा पगार सोडून २०१५ मध्ये हिरोशिमाला परत आला. निप्पॉन हॅमने २०१२ मध्ये शोहेई ओतानीला घेतलं तेव्हा चिठ्ठी काढायची वेळच आली नाही. मी थेट अमेरिकेला जाणार असं त्याने आधीच जाहीर केलं होतं, बाकी अकरा संघांनी नाद सोडला होता. संघाच्या स्काऊट विभागाने तीस पानांचा एक अहवाल घरच्यांसमोर ठेवला: कोवळ्या वयात परदेशी गेलेल्या खेळाडूंचं पुढे काय झालं, इतर खेळांत काय दिसतं. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करण्याचा बेतही संघाने त्याच्यापुढे मांडला. डिसेंबरात ओतानीने होकार दिला.

पण समजूत प्रत्येक वेळी पटतेच असं नाही. ओरिक्सचे स्काऊट कात्सुतोशी मिवाता स्वतः वासेदाचे आणि हानक्यूचे माजी पिचर. १९९१ मध्ये त्यांनी आइकोदाई मेइदेन शाळेतल्या एका काटकुळ्या पिचरला बॅटर म्हणून हेरलं आणि संघाने त्याला चौथ्या फेरीत घेतलं. तो इचिरो सुझुकी. १९९८ मध्ये ओरिक्सने चिठ्ठी जिंकून ओकिनावाच्या नागिसा अराकाकीवर हक्क मिळवला. अराकाकीला फक्त दाइएई संघ हवा होता, नाहीतर विद्यापीठ. मिवाता ओकिनावाला खेटे घालत राहिले, वाटाघाटी पुढे सरकेनात आणि त्याच नोव्हेंबरात तिथेच त्यांनी जीव दिला. इचिरो त्यांच्या समाधीला जात राहिला. चिठ्ठी लागणं म्हणजे काम फत्ते, असं या धंद्यात कुणी मानत नाही ते अशा कारणांनी.

आता चेंडूची फिरकी आणि बॅटचा वेग मोजणारी यंत्रं आली आहेत, निप्पॉन हॅमने तर फार आधीच सगळ्या खेळाडूंची माहिती संगणकावर एका पद्धतीत आणली. सॉफ्टबँकने २०११ मध्ये तिसरा संघ उभा केला, २०२३ मध्ये चौथा, आणि इकुसेइच्या मुलांची भरती वाढवत नेली. सेंगा आणि काईची नावं घेऊन हे चालतं. पण तीन मोसमांत मुख्य करार मिळाला नाही तर संघ त्या मुलाला मोकळं करतो, आणि एकवीस-बावीस वर्षांच्या त्या पोराकडे ना पदवी असते, ना दुसरं कसब. शाळांनाही हे कळून चुकलं आहे. ‘मुख्य फेरीत घेणार असाल तर येऊ, इकुसेइ असेल तर विद्यापीठात नाहीतर कंपनीच्या संघात जाऊ,’ असं आधीच कळवणारी मुलं आता बरीच असतात. म्हणून खालच्या फेरीतलं नाव सुचवायचं तर स्काऊटला आधी शाळेच्या प्रशिक्षकाला पटवावं लागतं, आणि प्रशिक्षकाचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो: मागच्या वेळी नेलेल्या आमच्या मुलाचं काय झालं?