बोरन्हाणाला मुहूर्त लागत नाही

भोगीच्या आधी दोन-तीन दिवस पुण्याच्या महात्मा फुले मंडईभोवती पाऊल ठेवायला जागा नसते. सुगडं, उसाचे करवे, ओल्या हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, गाजरं आणि बोरांचे ढीग. यातलं काही सुगडात जातं, काही चिमुकल्यांच्या डोक्यावर. बोरन्हाण हा लहान मुलाचं कौतुक करण्याचा किती साधा आणि गोड समारंभ! पण पहिल्यांदाच आई-बाबा झालेल्यांच्या मनात त्याबद्दल शंकाच फार, आणि त्यातल्या बहुतेक बिनबुडाच्या.

सगळ्यात मोठी धास्ती तारखेची. संक्रांतीचा दिवस हुकला की बोरन्हाण हुकलं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत ते कधीही करतात; दुसऱ्या दिवशीची किंक्रांत तेवढी बरीच घरं टाळतात. हा अवधी दर वर्षी सारखा नसतो, कारण संक्रांत सूर्याच्या गतीवर ठरते आणि रथसप्तमी चांद्र तिथीवर. २०२४ मध्ये १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी असा महिनाभर वेळ होता, २०२६ मध्ये १४ ते २५ जानेवारी इतकाच. सोळा संस्कारांच्या यादीत बोरन्हाण नाही. ही घराघरातून चालत आलेली लोकरीत आहे, म्हणून मुहूर्तापेक्षा मुलाची झोप आणि भुकेची वेळ सांभाळावी. पहिल्याच वर्षी करायला हवं असंही नाही. पाच वर्षांपर्यंत कधीही करतात, आणि मुलीचं जितक्या हौसेनं, तितक्याच हौसेनं मुलाचं.

काळा रंग अशुभ, मग बाळाला काळं झबलं कसं घालायचं? संक्रांत हा थंडीतला सण. काळं कापड ऊन शोषून घेतं, ऊब देतं, आणि हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने त्यावर उठून दिसतात. वर्षभर काळं टाळणारी घरंही या दिवशी ते आनंदानं नेसतात.

एका समजुतीबद्दल मात्र मी सौम्यपणे बोलू शकत नाही. औक्षण सवाष्णींनीच करायचं, म्हणून ज्या आजीनं बाळाला न्हाऊमाखू घातलं, रात्र रात्र मांडीवर झोपवलं, ती पती गेल्यामुळे मागे भिंतीशी उभी राहते. याला कसलाही आधार नाही. ज्यांचं नाव या मंडईला आहे, त्या जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली याच शहरात फसवल्या गेलेल्या विधवांसाठी आणि त्यांच्या बाळांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्या गोष्टीला दीडशेहून अधिक वर्षं झाली. आजीला पाटासमोर आणून बसवायला आता कुणाची परवानगी हवी आहे?

बोरन्हाण घातलं की मूल वर्षभर आजारी पडत नाही, हेही सांगितलं जातं. बोरात क जीवनसत्त्व आहे, पण ते खाल्लं तर मिळतं. डोक्यावरून ओतून नाही. आजारांपासून राखण लसीकरण करतं.

खरी काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी. 'एखादं बोर तोंडात घातलं तर काय होतंय' हा समज धोक्याचा आहे. बोराची आठोळी, शेंगदाणे, हरभरे, उसाचे तुकडे, काटेरी हलवा, गोळ्या यांतलं काहीही लहानग्याच्या घशात अडकू शकतं. दाढा आलेल्या नसतात, चावता येत नाही, आणि श्वासनलिका अगदी अरुंद असते. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे आणि कडक गोळ्या देऊ नयेत, असं बालरोगतज्ज्ञ म्हणूनच सांगतात. बाळ तान्हं असेल तर डोक्यावरून झेंडूच्या पाकळ्या आणि थोडे चुरमुरेच सोडावेत, तेही डोळे सांभाळून, आणि चुरमुरेही त्याच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. बोरं आणि करवे लुटायला आलेल्या मोठ्या मुलांच्या ओंजळीत घालावेत. एका मोठ्या माणसानं फोटो न काढता फक्त बाळाच्या हाताकडे आणि तोंडाकडे लक्ष ठेवावं. काही अडकलंच तर न दिसणारी वस्तू काढायला तोंडात बोटं घालू नयेत, ती आणखी आत जाते. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खालच्या बाजूला धरून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापट्या द्याव्यात आणि दुसऱ्या कुणीतरी लगेच १०८ ला फोन लावावा.

हलव्याचे दागिने नंतर मुलांना खायला देतात, तेही बंद करावं. हलवा म्हणजे तीळ किंवा खसखशीवर मंद आचेवर थोडा थोडा पाक घालत, हातानं फिरवत चढवलेला साखरेचा काटा. पण दागिन्यात त्याच्यासोबत दोरा, तार, पुठ्ठा आणि डिंकही असतो. दागिने घालायला, खायला वेगळा हलवा, आणि तोही मोठ्या मुलांनाच.

खर्चाचा बाऊ अलीकडचा. चॉकलेटं, फुगे, पाठीमागचा सजवलेला पडदा यांशिवाय बोरन्हाण शोभत नाही, असं वाटू लागलं आहे. मंडईतून आणलेली चण्यामण्या किंवा चमेली बोरं, एक ऊस, हरभऱ्याची जुडी आणि चुरमुरे एवढ्यात ते होतं. पाहुण्यांना चहा करावा, पण 'दूधच जास्त आहे' म्हणून मुलांच्या कपात तो ओतू नये. पाच वर्षांखाली चहा-कॉफी नकोच, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. दोन वर्षांखालच्यांना साखर-गूळही नको. त्यांच्यासाठी वाटीत मऊ शिजवून कुस्करलेलं गाजर ठेवावं. या दिवसांत ते मंडईत गोड आणि ताजं मिळतं.