पोट छोटं, तिखट मोठं!

वेट-लॉस सर्जरी झाली, जीन्स दोन साइज उतरली, आता सुट्टीला गावी जायचंय. पण ताटात शेंगाचटणी आणि ठेचा वाट बघतायत त्याचं काय?

ऑपरेशनला दोन महिने झालेत. ऑफिसमध्ये जो तो विचारतोय, ‘अरे, अर्धा कुठे गेलास?’ लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघायला पुन्हा मजा यायला लागलीय. एकदम झक्कास चाललंय सगळं. अशात घरून फोन येतो, ‘दिवाळीला येतोयस ना? किती वाळलायस म्हणे, ये, जरा नीट खाऊ घालते.’ इथून टेन्शन सुरू!

समजा, तुमचं गाव केम आहे. पुणे-सोलापूर रेल्वेलाइनवर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मध्ये लागणारं, करमाळा तालुक्यातलं हे गाव सगळ्यांना माहितेय ते कुंकवासाठी. हळदीपासून बनणारं ते लालभडक कुंकू ही केमची ओळख. पण या भागातल्या ताटातलं लाल वेगळं असतं. शेंगदाणे, लसूण, जिरं, मीठ आणि लाल तिखट उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी. शेजारी तव्यावर रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. काळ्या मसाल्याची आमटी, तिच्यावर बोटभर तर्री, आणि त्यात चुरायला कडक भाकरी. सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ‘तिखट बंद’ म्हणणं म्हणजे त्याला घराबाहेर काढण्यासारखंच आहे.

डिस्चार्जच्या वेळी मिळालेल्या डाएट चार्टवर मात्र बहुतेक वेळा एका ओळीत विषय संपवलेला असतो. मसालेदार पदार्थ टाळा. बस्स. किती दिवस? का? एक चमचा चालेल का? चार्ट गप्प. मग होतं काय, की काहीजण वर्षभर घाबरून फिकी खिचडी गिळतात आणि काहीजण तिसऱ्याच आठवड्यात मिसळीवर तुटून पडतात. दोन्हीची गरज नाही.

आत नेमकं झालंय काय?

आपल्याकडे जास्त चालणाऱ्या सर्जरी दोन. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. बायपासमध्ये वरच्या बाजूला जेमतेम 30 मिलीलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. स्लीव्हमध्ये भुकेचं घ्रेलिन हे हार्मोन जिथे जास्त तयार होतं तो भागही जातो, म्हणून सुरुवातीला भूक फारशी लागत नाही. गंमत अशी की भूक जाते, पण जीभ तिथंच असते! पातळ सूप आणि प्रोटीन पावडरवर पंधरा दिवस काढल्यावर माणसाला स्वप्नात काय दिसत असेल? पोळीभाजी नाही, चटणीच.

पण त्या नव्या पोटात स्टेपलची लांब शिवण असते आणि ती भरून यायला वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, अशा पायऱ्या असतात. तिखटाचा नंबर शेवटी. बऱ्याच टीम्स दोन-तीन महिने थांबायला सांगतात आणि मग चिमटीचिमटीने वाढवू देतात. तुमच्या सर्जनची तारीख वेगळी असेल तर तीच पाळायची. इथे नेटवरचा किंवा भावजींचा फंडा चालत नाही.

मिरचीवर खोटी केस

आता जरा मिरचीची बाजू घेऊ. तिखट लागतं ते कॅप्सायसिनमुळे. ते खरोखर काही जाळत नाही. साधारण 43 अंशांपुढच्या उष्णतेला जागं होणारं जे रिसेप्टर आपल्या नसांवर असतं, तेच कॅप्सायसिनमुळेही चाळवतं आणि मेंदूला वाटतं, आग लागली! हे रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं (आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर विभागून). अल्सर मिरचीनेच होतो, हेही आजीच्या काळातलं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू पकडला आणि 2005 चं नोबेल नेलं.

म्हणजे मिरची निर्दोष? पूर्ण नाही. स्लीव्हनंतर छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं हे त्रास बऱ्याच जणांना होतात, आणि ज्यांना होतात त्यांना तिखट चांगलंच जाणवतं. बायपासनंतर जिथे पिशवी आणि आतडं जोडलंय तिथे अल्सर होऊ शकतो. पण तिथले मोठे गुन्हेगार वेगळे आहेत : सिगारेट आणि अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या. चटणीला घाबरणारा माणूस टपरीवर बिनधास्त सिगारेट पेटवतो, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

खरी गोची मिरचीच्या दोस्तांची आहे. पहिला दोस्त तेल. तर्री म्हणजे तिखट नव्हे, तिखटात न्हालेलं तेल. इवल्याशा पोटात तेवढी तर्री गेली की मळमळ, आणि बायपासवाल्यांना कधी जुलाबही. दुसरा दोस्त पाणी. तिखट लागलं की हात तांब्याकडे जातो, पण सर्जरीनंतर जेवताना आणि जेवल्यावर साधारण अर्धा तास पाणी प्यायचं नसतं. शिवाय कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणजे पाणी पिऊन जळजळही जात नाही. त्यापेक्षा घासाबरोबर चमचाभर घट्ट दही ठेवा, दुधातलं प्रोटीन ते काम बरं करतं. तिसरा दोस्त गोड. ठेचा लागला म्हणून तोंडात गुळाचा खडा किंवा जिलबी! बायपासनंतर साखर आतड्यात धाडकन उतरते आणि घाम, धडधड, चक्कर, पोटात मुरडा असा ‘डम्पिंग’चा तमाशा होतो. शिव्या मात्र ठेच्याला.

नागपूरचं उदाहरण

महाराष्ट्रात ही सर्जरी दिवाणखान्यातल्या गप्पांत आली ती बहुधा नितीन गडकरींमुळे. भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, 2011 मध्ये त्यांनी मुंबईत ती करून घेतली. गडकरी म्हणजे जाहीर खवय्ये, आणि वर सावजीच्या नागपूरचे! त्यांनी ऑपरेशन लपवलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण आपल्यातले कितीतरी जण घरी सांगतच नाहीत. ‘डाएट केलं, जिम लावली’ वगैरे. ‘शॉर्टकट मारला’ हे ऐकून घ्यायचं नसतं ना! (भूल घेऊन पोट कापून घेण्याला शॉर्टकट म्हणणाऱ्यांना साष्टांग नमस्कार.)

आणि लपवल्याची किंमत तुम्ही गावी मोजता. आईला माहीतच नसेल तर ती वाढणारच. काकू म्हणणार, ‘एवढ्यानं काय होतंय, घे की.’ मावशीला राग येऊ नये म्हणून चार घास भराभर, न चावता. मग मोरीत उलटी. वारंवार उलट्या म्हणजे नुसती फजिती नाही. अंगातलं पाणी आणि बी-1सारखी व्हिटॅमिन्स झपाट्याने कमी होतात, आणि सर्जन बसलाय पुण्यात. म्हणून गाडीत बसायच्या आधी एक फोन करून घरच्या एका तरी माणसाला खरं सांगा. ते काम सगळ्या डाएट चार्टपेक्षा अवघड आहे, मान्य.

आईच्या हातचंच खा, पण...

चांगली बातमी ही की सोलापूरकडच्या स्वयंपाकघरात या पोटाला चालणारं खूप काही आहे. ताकातल्या ज्वारीच्या कण्या. हुलग्याचं माडगं, फक्त गूळ न घालता. मऊ पिठलं, वर लसणीची फोडणी, मिरची नावाला. उजनीच्या पाण्यातला मासा हे तर सोन्यासारखं प्रोटीन, आणि रोज 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन पोटात जायलाच हवं. भिगवणच्या ढाब्यावर थांबलात तर रस्सा तसाच ठेवून तुकडा तेवढा उचला. घरी आईला सांगा, काळा मसाला घाल, पण तेल निम्मं कर. मसाल्याचा वास आणि चव निम्म्या तेलातही येते. तिला पटणार नाही, करून बघ म्हणा.

शेंगाचटणीची केस जरा वेगळी. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, पण कॅलरीजही 560च्या वर. सहज, गिळायला सोपी, सारखी तोंडात टाकता येणारी. तिखटाने नाही, या चटणीने वजन परत चढतं! म्हणून डबा पुढ्यात ठेवायचा नाही, वाटीत एक चमचा काढून घ्यायची, दह्यात कालवायची. कडक भाकरीचा तुकडा मात्र पहिले काही महिने आमटीत पूर्ण भिजल्याशिवाय नको. हुरड्याचंही तसंच. चोथा बराच असतो, म्हणून सर्जरी ताजी असेल तर या सीझनला फक्त फोटो काढा.

पहिल्यांदा तिखट खाताना एका वेळी एकच नवीन पदार्थ, तोही दुपारी. रात्री नऊला ठेचा खाऊन लगेच आडवं झालात तर छातीत जे होईल त्याला ठेचा एकटा जबाबदार नाही. दोन तास बसून राहा, गप्पा मारा. त्रास झाला तर पंधरा दिवसांनी पुन्हा करून बघा. दोनदा-तीनदा तेच झालं तर फॉलोअपला सांगा. आणि पोटात जोरात दुखणं, ताप, छातीत धडधड, काळी शी, पाणीसुद्धा न टिकणं, यातलं काहीही झालं तर काल तिखट खाल्लं होतं म्हणून झालं असेल, असं स्वतःला समजावत बसायचं नाही. तडक सर्जनला फोन लावायचा आणि गाठता येईल ते हॉस्पिटल गाठायचं.

निघताना आई चटणीचा किलोभराचा डबा देणारच. घ्या, नाही म्हणू नका. पुण्यात उतरल्यावर अर्धी ऑफिसमध्ये वाटून टाका, ती तिथे दुपारपर्यंत टिकत नाही.