मनावर घेऊ नकोस

मराठीची अध्यापिका म्हणून गेली वीस वर्षे मी मुलांना शब्दांच्या छटा शिकवीत आले आहे. थट्टा निराळी, टवाळी निराळी, कुचेष्टा निराळी, हे फळ्यावर लिहिताना माझा स्वर चांगला अधिकाराचा लागतो. पण या ज्ञानाची खरोखर गरज पडली त्या दिवशी मी सपशेल नापास झाले. त्याचीच ही हकीकत. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशिलांत थोडा फेरफार केला आहे.

मी शिकवीत असलेल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक मुलगी साहाय्यक म्हणून लागली. नेमणूक हंगामी; दर अकरा महिन्यांनी नवा कागद. तो कागद ज्यांच्या टेबलावरून पुढे सरके, ते कार्यालयातील गृहस्थ मोठे बोलके. सकाळी हजेरीच्या वहीपाशी उभे राहावयाचे आणि येणाऱ्या बायकांवर शेरे मारावयाचे, हा त्यांचा नित्यनेम. "आज नवी साडी? कुणासाठी म्हणायची?" असे त्यांनी तिला एकदा माझ्यादेखत विचारले. सगळे हसले. मीही हसले. ती तेवढी हसली नाही. सही करून निघून गेली. मागाहून मी तिला म्हटले, "अगं, त्यांचा स्वभावच तसा आहे. मनावर घेऊ नकोस."

हे वाक्य आपल्या घरांतून किती वर्षे चालत आले आहे! आगळीक करणारा दुसराच, आणि मनाची समजूत मात्र हिने घालायची. शिवाय अशा माणसांसाठी आपण किती मऊ गाद्यागिरद्या घालून ठेवल्या आहेत पाहा: कुणी ‘रसिक’, कुणी ‘वात्रट’, कुणी ‘बोलून मोकळा होणारा’!

कायद्याने मात्र या गिरद्या काढून टाकल्या आहेत. राजस्थानात भटेरी गावी भंवरीदेवी नावाची साथिन सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह थांबवू गेली, आणि 1992 साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून पुढे आलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. 2013 साली संसदेने स्वतंत्र कायदाच केला. त्या कायद्याची सारी मदार एका शब्दावर आहे: ‘नकोसे’. नकोसा स्पर्श, नकोशी मागणी, नकोसे अश्लील बोलणे. बोलणारा म्हणतो, माझ्या मनात तसे नव्हते. पण प्रश्न आधी ऐकणारीला ते हवे होते का, हा आहे. नोकरीच्या कागदाची आडून दिलेली धमकीही त्यात येते.

हे सारे मी नंतर वाचले. त्याआधी, सुमारे दोन महिन्यांनी, ती मुलगी एका संध्याकाळी माझ्या घरी आली. चहाला नको म्हणाली. "मॅडम, मला अर्ज लिहायचाय. तुमचं मराठी चांगलं आहे."

मी कागद घेतला आणि झरझर लिहिले: ‘सदर गृहस्थांचे वर्तन अशोभनीय असून मनास क्लेश देणारे आहे.’ वाक्य मला बरे वाटले. तिने ते दोनदा वाचले.

"छान लिहिलंय, मॅडम. पण त्यांनी काय केलं, ते यात कुठं आहे?"

मग तिने पिशवीतून एक लहान वही काढली. त्या त्या दिवशी घरी जाऊन तिने सारे टिपून ठेवले होते. तारीख, वाजले किती, कपाट कोणते, वाट कशी अडवली, शब्द कोणते. ते शब्द मी येथे देणार नाही. तक्रारीतला मजकूर छापायला कायद्याचीही मनाई आहे. एवढे सांगते की, त्यांत एकही शब्द ‘अशोभनीय’इतका अवघड नव्हता. मी माझा कागद फाडला आणि ती सांगेल तसे उतरवून घेतले.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. आमच्या हाती जेमतेम तीन आठवडे होते. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्रीच असली पाहिजे, आणि एक सदस्य बाहेरचा. (आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईलाही या कायद्याचे संरक्षण आहे, तिने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावयाचे. हे घरात मोठ्याने वाचायला हरकत नाही.)

अर्जाच्या सहा प्रती लागतात, आणि सोबत साक्षीदारांची नावे.

"नावं कुणाची घालू?" तिने विचारले. "कपाटाशी कुणी नव्हतं. वहीपाशी होते, ते सगळे हसले होते."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. मला त्या गृहस्थांची आठवण झाली, आणि माझी वेतननिश्चितीची फाईल त्यांच्याच कपाटात अडकली होती तिचीही झाली. खोटे कशाला बोलू? आत मुलाचा अभ्यास चालला होता. मी बराच वेळ पेनचे टोपण लावीत आणि काढीत बसले.

मग सहाही प्रतींवर माझे नाव लिहिले. समितीपुढे मला पहिला प्रश्न आला तो हाच: तुम्ही त्या वेळी काय केलेत?

"हसले," मी म्हटले.