गच्चीवरची भाजी आणि मोबाईलशी जोडलेले यंत्र : यात धंदा कोठे आहे?

शहरातील गच्चीवर भाजीपाला पिकविणे ही काही नवी गोष्ट नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत करून भाज्या व फळझाडे लावली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी सांगितलेली पद्धत त्यामागे होती. त्या बागेला ना संगणक लागला, ना मोबाईल.

आता मात्र या क्षेत्रात नवी उपकरणे आली आहेत. मातीतील ओल मोजणारी, पंप आपोआप चालू-बंद करणारी आणि घडलेले सर्व मोबाईलवर कळविणारी. ‘स्मार्ट शेती’च्या जाहिराती पाहून आपले काही तरुण यात भांडवल घालण्याचा विचार करीत आहेत. त्यांनी आधी हिशेब पाहावा असे आम्हाला वाटते. आमचे मत थोडक्यात असे : जो या यंत्राकडून पाण्याचे काम करून घेईल, त्याला फायदा आहे; जो सूर्यप्रकाश विकत घ्यायला निघेल, तो अडचणीत येईल.

यंत्र करते काय?

या यंत्रणेचे भाग चारच. कुंडीत खोचायची ओल मोजणारी पट्टी, वाय-फाय असलेली एक लहान इलेक्ट्रॉनिक पाटी, तिच्या हुकमाने चालणारा रिले आणि पाणी देणारा पंप. माती कोरडी झाली की पट्टीकडून येणारा आकडा बदलतो. ठरविलेल्या मर्यादेपलीकडे तो गेला की पाटी रिले चालू करते, पंप ठिबकच्या नळ्यांत पाणी सोडतो आणि ठरलेल्या वेळाने बंद होतो. नोंद आंतरजालावरून मालकाच्या मोबाईलवर जाते. तो घरी असो की गावी, कुंड्यांना पाणी मिळाले की नाही हे त्याला कळते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सर्व भाग सुटे मिळतात. १०० चौरस फुटांच्या बागेला पंप व ठिबक धरून साधारण २ ते ३ हजार रुपयांत सामान होते.

मोठ्या कंपन्या का बुडाल्या?

अमेरिकेत याच तंत्राच्या जोरावर बंद इमारतींत, विजेच्या दिव्यांखाली, एकावर एक थर रचून पालेभाज्या पिकविणाऱ्या कंपन्या निघाल्या. एरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. बॉवरी फार्मिंग नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद पडली. प्लेन्टी या कंपनीवर मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. या कंपन्यांकडे कोट्यवधी डॉलर्सचे भांडवल होते. कॅमेरे, संगणक आणि मोजमापाची साधनेही उत्तमातली होती. यंत्रांची उणीव हे त्यांच्या अडचणीचे कारण नव्हते.

मोठे कारण विजेचे बिल. बंदिस्त शेती करणाऱ्यांची जी जागतिक पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात अशा थरांच्या शेतीला एक किलो मालामागे सरासरी ३८.८ युनिट वीज लागल्याचे दिसून आले. काचघरातील शेतीला हाच आकडा ५.४ युनिट होता. युनिटला १० रुपये धरले तरी एक किलो पाल्यामागे ३८८ रुपये नुसते विजेचे झाले. बियाणे, मजुरी, भाडे, वाहतूक वेगळीच. या भावाने मेथी-पालक कोण घेणार?

उलट आपल्या गच्चीचे पाहा. मुंबईत एक चौरस मीटर मोकळ्या जागेवर वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे ५ युनिट एवढी ऊर्जा उन्हातून पडते. १०० चौरस फूट म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. अर्थात रोज जवळजवळ ४५ युनिट, तीही फुकट. ही देणगी सोडून दिवे लावणे म्हणजे भरल्या विहिरीजवळ बसून पाण्याचा टँकर मागविणे होय.

दुबईत कसे चालते?

आखातात नोकरी करणारे आपले बांधव येथे विचारतील की, मग दुबईतील ‘बुस्तानिका’चे काय? जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या ३ लाख ३० हजार चौरस फुटांच्या या बंदिस्त शेतीतून वर्षाला १० लाख किलोहून अधिक पालेभाजी काढण्याची योजना होती. पण तेथील परिस्थिती वेगळी आहे. तेथे पाणी दुर्मिळ, उन्हाळा कडक आणि बरीचशी भाजी परदेशातून येणारी. शिवाय या शेतीमागे एमिरेट्स विमान कंपनीचा खानपान विभाग आहे. म्हणजे मोठे गिऱ्हाईक घरचेच. ज्याला यापैकी काहीच नाही, त्याने ती नक्कल करू नये.

गच्चीच्या पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर बागेला एक मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात रोज ५ ते ६ मिलिमीटर पाणी उडून जाते. म्हणून १०० चौरस फुटांच्या भरगच्च बागेला रोज साधारण ५० लिटर पाणी लागते. नळीने पाणी घालणारा माणूस सहज याच्या दुप्पट ओततो. जादा पाणी खतातील सत्त्व घेऊन गच्चीवरून वाहून जाते आणि खालच्या मजल्यावर ओल उतरली की सोसायटीत भांडण होते. दुसरीकडे मे महिन्यात कुटुंब कोकणात गेले किंवा हजला गेले की हीच बाग आठवड्याभरात वाळते. ओल मोजणारे यंत्र हे दोन्ही तोटे टाळते.

बसविताना कोठे चुकते?

पहिली गोष्ट पट्टीची. मातीतून वीज सोडून ओल मोजणारी दोन टोकांची स्वस्त पट्टी काही आठवड्यांत गंजते व खोटे आकडे देऊ लागते. त्याऐवजी धातू उघडा नसलेली कॅपॅसिटिव्ह पट्टी घ्यावी. तिच्या वरच्या टोकाचे उघडे भाग वार्निश किंवा इपॉक्सीने बंद करावेत. पाणी तेथूनच शिरते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. लाल माती, शेणखत आणि नारळाचा भुसा यांत एकच पट्टी वेगवेगळे आकडे दाखविते. म्हणून त्याच कुंडीतील कोरड्या आणि भिजलेल्या मातीचे आकडे घेऊन मर्यादा ठरवावी.

तिसरी गोष्ट दाबाची. गच्चीवरील टाकी बागेपेक्षा जेमतेम ५-६ फूट उंच असते. वॉशिंग मशीनमध्ये असतो तसल्या विजेच्या व्हॉल्व्हला याहून जास्त दाब लागतो, म्हणून तो उघडूनही पाणी येत नाही. तेथे १२ व्होल्टचा लहान पंप बरा. ओल्या जागेत २३० व्होल्टची वायर उघडी फिरवू नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पंप एका वेळी ठराविक मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाही, अशी अट यंत्रात घालावी. पट्टी बिघडली तर ती माती कोरडीच आहे असे सांगत राहते आणि रात्रभरात सोसायटीची टाकी रिकामी होते. तसेच पाणी देण्याचा निर्णय गच्चीवरील पाटीनेच घ्यावा. वाय-फाय बंद पडले म्हणून झाडे तहानलेली राहू नयेत.

शेवटी वजन. एक फूट खोल ओल्या मातीचे १०० चौरस फुटांचे वाफे म्हणजे सुमारे ५ टन भार होतो. पालापाचोळा, कंपोस्ट, नारळाचा भुसा वापरून तो बराच कमी करता येतो. तरी जुन्या इमारतीत अभियंत्याला विचारल्याशिवाय व सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय हात घालू नये.

मग धंदा कोणता?

आमच्या मते १०० चौरस फुटांच्या भाजीवर घर चालणार नाही. पुदिना-कोथिंबीर घरची होईल, जवळच्या केटररला काही जुड्या देता येतील, इतकेच. कमाई आहे ती यंत्रणा बसविण्यात आणि सांभाळण्यात. मोबाईल दुरुस्ती, वायरिंग किंवा प्लंबिंग येणाऱ्या तरुणाला हे काम शिकण्यास फार वेळ लागत नाही. रोपवाटिका, शाळा, वसतिगृहे, सोसायट्या व वृद्ध जोडपी हे त्याचे ग्राहक. त्यातही रोपवाटिका प्रथम. कारण एक दिवस पाणी चुकले की त्यांची विक्रीची रोपेच जातात.

पावसाळ्याचे चार महिने यंत्राला काम नसते, म्हणून एकदा बसवून मोकळे होऊ नये. वर्षाचा देखभाल करार करावा. दरमहा एक फेरी, गाळणी साफ करणे, तुंबलेले ठिबक मोकळे करणे, आकडे तपासणे. बोअरचे पाणी असेल तेथे ठिबकच्या तोंडाशी क्षार साचतो आणि हे काम कधी संपत नाही. यंत्र विकणारे पुष्कळ आहेत. बिघडल्यावर फोन उचलणारा मिळत नाही. हीच जागा मोकळी आहे.

सुरुवातीला कर्ज काढू नये. आपल्याच गच्चीवर ऑक्टोबर ते मे असा एक हंगाम यंत्र चालवावे आणि किती लिटर पाणी, किती युनिट वीज, किती किलो भाजी, किती वेळा बिघाड, हे वहीत लिहावे. पहिल्या ग्राहकाकडे जाताना जाहिरातीचा कागद न नेता ती वही न्यावी. आठ महिन्यांची नोंद पाहिल्यावर गिऱ्हाईक दराची घासाघीस करील, परंतु शंका घेणार नाही.