उतरलेल्या भुवयांवर शस्त्रक्रियेचा उपाय

साठी उलटलेली अनेक माणसे नेत्रतज्ज्ञांकडे एकसारखीच तक्रार घेऊन जातात. पापण्या जड झाल्या आहेत, वाचता वाचता डोळे मिटू लागतात, रस्ता ओलांडताना बाजूने येणारे वाहन वेळेवर दिसत नाही, संध्याकाळी कपाळ ठणकते. चष्म्याचा नंबर बदलून पाहिला जातो, मोतीबिंदूची तपासणी होते. पुष्कळदा मूळ दोष मात्र पापणीच्याही वर, भुवईत असतो.

भुवई हाडाला घट्ट जखडलेली नसते. चरबीच्या थरावरून ती वरखाली सरकू शकते. तिला वर उचलणारा स्नायू एकच, कपाळावरील उभ्या तंतूंचा. खाली ओढणारे मात्र अनेक. डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायू, भुवयांमध्ये आठ्या पाडणारे स्नायू, नाकाच्या मुळाशी असलेला आणखी एक. शिवाय गुरुत्वाकर्षण आहेच. त्यातही कपाळाचा स्नायू कानशिलाच्या अलीकडेच संपतो. त्यामुळे भुवईचे बाहेरचे टोक जवळजवळ निराधार असते आणि वयपरत्वे तेच प्रथम उतरते.

भुवई खाली आली की तिच्याखालची कातडी पापणीवर साचते. दृष्टीआड काही येऊ लागताच मनुष्य नकळत कपाळ उंचावून पाहू लागतो. हा ताण दिवसभर चालतो. कपाळावरील खोल आडव्या सुरकुत्या आणि संध्याकाळची ठणक यांचे कारण अनेकदा हेच असते.

निदानाची गफलत होते ती येथेच. आरशात दिसते ती पापणीवरची जादा कातडी. तेवढी कापून टाकावी, असे रुग्णाला वाटते. पण ती काढल्यावर डोळ्यापुढचा अडथळा दूर होतो, कपाळाच्या स्नायूला ताणून राहण्याचे कारण उरत नाही, तो सैलावतो आणि भुवई आणखी खाली येते. काही महिन्यांत पापणी पुन्हा जड! दुसऱ्यांदा कातडी काढली, तर डोळा पुरता मिटण्यास ती अपुरी पडू शकते आणि बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम होण्याचा धोका उद्भवतो. अशा रुग्णाची भुवई नंतर उचलणेही अवघड होऊन बसते, कारण त्यामुळे डोळा अधिकच उघडा राहील.

म्हणून तपासणीला घाई चालत नाही. रुग्णास डोळे मिटून कपाळ सैल सोडण्यास सांगितले जाते, कपाळावर अंगठा ठेवून हळूच डोळे उघडावयास लावतात आणि भुवई खरोखर कोठे विसावते ते पाहतात. मग ती बोटाने योग्य जागी धरून पापणीवर किती कातडी उरते, हे मोजले जाते. पापणी उचलणारा स्नायूच ढिला झाला आहे काय, तेही पाहावे लागते; तिन्ही दोष एकाच व्यक्तीत असू शकतात. एकाच बाजूची भुवई अकस्मात उतरली, तर चेहऱ्याच्या पक्षाघाताची शंका घेऊन तातडीने डॉक्टरांना दाखवावे. हा पक्षाघात अनेकदा काही महिन्यांत बरा होतो, त्यामुळे भुवईची शस्त्रक्रिया लगेच करीत नाहीत.

भुवई उचलण्याच्या शस्त्रक्रियेचे पहिले वर्णन फ्रान्सच्या रेमों पासो यांनी १९१९ साली केले. आज तिच्या अनेक पद्धती आहेत. सर्वांत सरळ पद्धतीत भुवईच्या लगेच वरची चंद्रकोरीएवढी कातडी काढून टाके घालतात. हे काम जागेपुरती भूल देऊन होते. व्रण मात्र दिसतो. दाट भुवयांच्या वयस्कर पुरुषांना किंवा पक्षाघाताच्या रुग्णांना ही पद्धत सोयीची ठरते. जुन्या मोठ्या शस्त्रक्रियेत केसांच्या आत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत छेद घेतात. तिने केसांची रेषा मागे सरकते, टाळू बधिर राहू शकते. टक्कल असलेल्यांना ती अर्थातच गैरसोयीची. १९९० च्या दशकापासून केसांत तीन ते पाच लहान छेद घेऊन दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया होऊ लागली. त्यात डोळ्याच्या खोबणीच्या कडेवरील घट्ट आवरण सोडवून कपाळाच्या ऊती वर सरकवतात आणि तेथे पक्क्या करतात.

धोका मुख्यतः मज्जातंतूंचा. कपाळाचा स्नायू हलविणारी शाखा कानापुढून निघून भुवईच्या बाहेरील टोकाच्या सुमारे दीड सेंटीमीटर वरून जाते. ब्राझीलचे शल्यविशारद इव्हो पितांगी यांनी १९६६ साली सांगितलेला हा मार्ग आजही शल्यविशारदांना वाट दाखवितो. ती शाखा दुखावली, तर भुवई हलतच नाही. याखेरीज बधिरता, दोन्ही बाजूंत फरक आणि अति उचलल्याने येणारा कायमचा आश्चर्यचकित भाव, हेही घडू शकते. पुरुषाची भुवई खोबणीच्या कडेवर आडवी, तर स्त्रीची किंचित वर व कमानदार असते. याचे भान सुटले, तर पुरुषाचा चेहरा परका दिसू लागतो. सूज आणि काळेनिळेपणा ओसरण्यास एक-दोन आठवडे लागतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे, ती परस्पर बंद करू नयेत.

बोट्युलिनमच्या इंजेक्शनाने भुवई किंचित उचलता येते, पण परिणाम तीन-चार महिनेच टिकतो. भुवई खूपच उतरली असेल, तर त्याचा फारसा उपयोग नाही.

खर्चाचा प्रश्नही आहे. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे आरोग्य विमा सहसा देत नाही. दृष्टीत अडथळा येत असेल, तर भुवई आहे तशी ठेवून एकदा आणि चिकटपट्टीने वर धरून एकदा, अशी दृष्टिक्षेत्राची चाचणी करून अहवाल जपून ठेवावा. डॉक्टरांकडे जाताना विशी-पंचविशीतले एखादे छायाचित्रही सोबत न्यावे. काहींच्या भुवया तरुणपणापासूनच खाली असतात आणि त्या किती उचलायच्या, हे त्यावरून ठरविणे सोपे जाते.